आईचे कोरडे डोळे

आई,

तुझ्या डोळ्यांना पाणी येतच नव्हतं. तुला जाऊन वीस वर्षं झाल्यावर मला हे कळलं, आणि कळल्यापासून मी ते भेटेल त्याला सांगत सुटले आहे. तुला हे आवडलं नसतं. आपल्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलणं तुला कमीपणाचं वाटायचं, आणि मी तर तुझ्याच दुखण्याबद्दल बोलते आहे, तेही सगळ्या नातेवाइकांत. पण या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. पन्नाशीला आले. तुझं न ऐकण्याचं वय केव्हाच झालं.

आपल्या दिल्लीतल्या, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या सकाळी आठवतात. तू उठायचीस आणि पलंगाच्या कडेला डोळे मिटूनच बसून राहायचीस. मला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणत असशील. मग तशीच, मिटल्या डोळ्यांनी, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात यायचीस, नळाखाली रुमाल भिजवून डोळ्यांवर दाबून धरायचीस आणि हळूच एकेक पापणी सोडवायचीस. सोडवणं हाच शब्द बरोबर आहे, कारण आता रोज सकाळी मी तेच करते. पापणी आतून चिकटलेली असते, घाईनं उघडली तर साल निघाल्यासारखं दुखतं. तू कधी बोलली नाहीस. कणीक मळायचीस, पोळ्या लाटायचीस, आणि जेवायला बसलीस की ताटाशेजारी पाण्याचा तांब्या. प्रत्येक घासामागे एक घोट. बाबा म्हणायचे, "तुझी आई जेवते कमी, पिते जास्त." आम्ही हसायचो, तूही हसायचीस. पोळी आमटीत बुडवून पार मऊ झाल्याशिवाय ती तुझ्या घशाखाली उतरत नसे, आणि आम्ही दोघं ती तुझी आवड समजत होतो.

मी दहा वर्षांची असेन. थंडीची सुट्टी होती, मला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू गावाला गेल्या होत्या, म्हणून तू मला ऑफिसात घेऊन गेलीस. मंत्रालयाचा तो लांबलचक हॉल, टाइपरायटरची एकसारखी खडखड, मधोमध लाल सळ्यांचा हीटर. सगळ्याजणी आपापल्या खुर्च्या हीटरकडे ओढून बसलेल्या आणि तू एकटी पार खिडकीशी, गारठ्यात, शाल गुंडाळून. मी विचारलं तर म्हणालीस, "मला इथं उजेड बरा मिळतो." दुपारी तुमचे सेक्शन ऑफिसर तुझ्या टेबलाशी आले. तुझ्याकडे बघून म्हणाले, "मैडम, रात को सोई नहीं क्या? आँखें एकदम लाल हैं।" तू म्हणालीस, "ज़ुकाम है, सर।" आणि मी, तुझी शहाणी मुलगी, खुर्चीवर पाय हलवत मोठ्यानं म्हणाले, "नहीं अंकल, मम्मी की आँखें तो रोज़ जलती हैं।"

हॉलमध्ये दोघीतिघी हसल्या. तू हसली नाहीस. संध्याकाळी बसस्टॉपवर माझा हात इतका घट्ट धरला होतास की बोटं दुखली. "माझं दुखणं माझं आहे," तू म्हणालीस. "ते कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचं नाही. समजलं?" मी रडले. तू रुमाल काढून माझे डोळे पुसलेस, पण शब्द मागे घेतला नाहीस. दोन महिन्यांनी तुझी खात्यातली परीक्षा होती, बढतीची, हे मला फार पुढे कळलं. डोळे अधू आहेत अशी कुजबुज झाली असती तर तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं. म्हणजे तुझंही बरोबरच होतं. तरी त्या वाक्याशी मला भांडायचंच आहे, आई. माझी अर्धी नोकरी मी त्या वाक्यावर काढली. ताप अंगावर काढले, कंबर मोडेपर्यंत बसले, आणि त्याला स्वाभिमान म्हणत राहिले.

मी सतरा वर्षांची असताना बाबा गेले. सकाळी डबा घेऊन निघाले आणि दुपारी ऑफिसातल्या दोघांनी घरी येऊन सांगितलं की छातीत कळ आली, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. पुण्याहून माणसं आली. क्वार्टरच्या दोन खोल्यांत मावणार कुठे, म्हणून बाबांच्या मित्रांनी त्यांची सोय कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात केली. तिसऱ्या दिवशी मी तिथे आत्याकडे गेले होते. बाबांची धाकटी बहीण ती, रडून रडून तिचा चेहरा सुजलेला. इथल्या ओळखीच्या दोन बायका भेटायला आल्या होत्या, मी त्यांना चहा देत होते, आणि आत्या माझ्यासमोरच म्हणाली, "वहिनीच्या डोळ्यांत एक टिपूस नाही हो. दादाला खाली ठेवलं होतं आणि ही बाई कपाट उघडून कागद शोधत होती."

ते खरं होतं. तू कागद शोधत होतीस, कारण ते लागणारच होते आणि तुझ्याशिवाय ते कुणाला सापडले नसते. तुझा चेहरा मला आजही दिसतो. ओठ पांढरे पडलेले, डोळे रक्तासारखे लाल, आणि कोरडे. ओठ थरथरत होते हेही मी पाहिलं होतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला पाणी बघायचं असतं. आत्याला मी काही उत्तर दिलं नाही. उलट मला सुटल्यासारखं झालं, की हे मला एकटीलाच दिसलं नव्हतं.

तेरावं झालं, आणि मी आत्याबरोबर पुण्याला निघून गेले. कॉलेज हे कारण होतं, दिल्लीत कॉलेजं नव्हती असं थोडंच आहे. निजामुद्दीन स्टेशनवर तू एक खोकं माझ्या हातात दिलंस, त्यात टेबलावरचा दिवा होता, सुतळीनं नीट बांधलेला. "उजेड डावीकडून घे," म्हणालीस. "आणि वाचताना मधूनमधून डोळे मिटत जा." आईनं मुलीला निरोप देताना एवढंच म्हणावं? गाडी सुटल्यावर आत्या म्हणाली, "बघ." मी मान हलवली. तीन वर्षं राहिले तिच्याकडे. सुट्टीत तुझ्याकडे यायचे ती पाहुणीसारखी, आणि तू माझ्यासाठी चादर बदलून ठेवायचीस.

नोकरीसाठी परत दिल्लीला आले तोवर तुझे पुढचे दात गेले होते, बोटांची पेरं सुजलेली असायची, आणि टाइपरायटर जाऊन तुझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला होता. मग एक दिवस मी घरी आले तर तू उजव्या डोळ्यावर रुमाल धरून बसली होतीस. डोळ्यात जखम झाली होती, नेलं तेव्हा उशीर झाला होता, आणि ती भरली तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. मी तुझ्यावर ओरडले. "सांगायचं नाही का कुणाला? डॉक्टरकडे जायचं नाही का?" तू शांतपणे म्हणालीस, "डिस्पेन्सरीत गेले होते ना. चार वेळा. ते म्हणाले, टेन्शन मत लो, नींद पूरी करो. तोच ड्रॉप देतात. पाचव्यांदा जायची लाज वाटली."

हे तुझं वाक्य मला वर्षानुवर्षं आठवलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात आठवलं, गुरुग्राममध्ये, चौथ्या डॉक्टरच्या खोलीत.

माझं हे सगळं तीनेक वर्षांपूर्वी सुरू झालं. मला वाटलं दिवाळीनंतरची हवा, इथे सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. पण फेब्रुवारीत हवा निवळली तरी माझ्या डोळ्यांतली वाळू गेली नाही. पहिल्या डॉक्टरनं मला तक्ता वाचायला लावला, मी शेवटची ओळ वाचली, तो म्हणाला, "नज़र तो परफ़ेक्ट है, मैम। स्क्रीन कम कीजिए।" दुसऱ्यानं ड्रॉपची बाटली दिली, ती मी तासातासाला घालत गेले आणि आग आणखी वाढली. पुढे कळलं की ते औषध टिकावं म्हणून बाटलीत जे घालतात तेच मला सोसत नव्हतं. तिसरी बाई होती, मला आशा वाटली, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इस उम्र में लेडीज़ को हो जाता है।" आणि मग एका मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर बोलत असताना, माझा उजवा डोळा मिटला तो उघडेचना. उजवाच. शेजारची मुलगी मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि मला फक्त तुझा रुमाल दिसत होता.

चौथा डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहायला लागला. मी विचारलं, "आँसू बनते हैं या नहीं, इसकी कोई जाँच होती है?"

"होती है, पर उसकी ज़रूरत नहीं है। थोड़ा टेंशन कम कीजिए..."

तो शब्द ऐकला आणि तू आठवलीस. चार वेळा गेलेली, पाचव्यांदा लाजलेली. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हटलं, "डॉक्टर साहब, जाँच कीजिए या लिखकर दीजिए कि आपने मना किया। मैं तब तक यहाँ से नहीं उठूँगी।" बाहेर माणसं ताटकळली होती. तो वैतागला, मी बसून राहिले. शेवटी त्यानं चिठ्ठी लिहून दिली, दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या नावानं, बहुधा मला घालवून द्यायला.

तिथे सकाळी सहाला रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा बारा वाजून गेले होते. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बराच वेळ पाहिलं, मग खालच्या पापणीत टीपकागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली आणि म्हणाली, पाच मिनिटं डोळे मिटून बसा. पाच मिनिटांनी तिनं पट्ट्या काढून ओल किती मिलिमीटर चढली ते मोजपट्टीनं पाहिलं. "दो। और लेफ़्ट में तीन। दस से ऊपर होना चाहिए।" मग विचारलं, "मुँह सूखता है? सूखी रोटी बिना पानी के निगल लेती हैं?"

मला तुझ्या ताटाशेजारचा तांब्या आठवला.

"मैम?"

"मेरी माँ नहीं निगल पाती थीं," मी म्हटलं.

तिनं पेन खाली ठेवलं. बाहेर एवढी रांग असून तिनं पेन खाली ठेवलं, आई, आणि एकेक गोष्ट विचारत गेली. दात? गेले होते. सांधे? सुजायचे. डोळ्यात कधी जखम? झाली होती. आणि मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "रोती थीं तो आँसू आते थे?"

मी मानेनंच नाही म्हटलं. ती म्हणाली, "जाँच के बिना पक्का कोई नहीं कह सकता। पर आप जो बता रही हैं, उससे लगता तो वही है। कई बार परिवार में चलता है।"

रक्त तपासलं, ओठाच्या आतला इवलासा तुकडा काढून तपासला. माझं पक्कं झालं. आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे, ते मला अजून धड म्हणता येत नाही. शरीर आपल्याच ग्रंथींना शत्रू समजून त्यांच्यावर चालून जातं, डोळ्यांच्या, तोंडाच्या, आणि हळूहळू त्या सुकवून टाकतं. तो बरा होत नाही, पण आवरता येतो. आता मला सांध्यांचे डॉक्टरही बघतात. दर दोन तासांनी एकेरी वापराच्या चिमुकल्या नळीतले ड्रॉप डोळ्यांत घालायचे, झोपताना मलम, आणि डोळ्यांतलं जे थोडं पाणी आहे ते वाहून जाऊ नये म्हणून पापण्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांत बुचं बसवली आहेत. उजव्या डोळ्यावर ओरखडे होते, ते भरले. वेळेवर गेले, असं ती डॉक्टर म्हणाली. तुझ्याबाबतीत मात्र कागदावर काहीच सिद्ध होणार नाही. न होवो. मला पुरेसं सिद्ध झालं आहे.

ऑफिसात माझ्या डोक्यावरच एसीची जाळी होती. मी सांगितलं तर देखभालीचा माणूस म्हणाला, "मैम, सेंट्रल है, एक सीट के लिए बंद नहीं होगा।" माझा साहेब म्हणाला, "थोड़ा एडजस्ट कर लो, यार।" मी टेबलावर चढले आणि फायलीचा पुठ्ठा चिकटपट्टीनं त्या जाळीवर लावला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढला. मी पुन्हा लावला. आठवडाभर असं चाललं, मग मी डॉक्टरचं पत्र साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. टेबलावरच, मुद्दाम, तुझ्या वाक्याला आव्हान म्हणून. जागा बदलून मिळाली. आता मी कडेनं बंद असलेला गॉगल घालून मीटिंगला बसते. एकानं विचारलं, "मैम, सीधे स्विमिंग से?" मी म्हटलं, "नहीं। मेरी आँखों में आँसू नहीं बनते। आप अगली स्लाइड लगाइए।" त्यानं लावली.

आणि मग मी आत्याला फोन केला. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे, कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच सांगावं लागलं. "आत्या, आईच्या डोळ्यांना पाणीच येत नव्हतं. आजार होता तिला. मला झालाय तोच."

"कोणाला?"

"आईला. तू म्हणाली होतीस, एक टिपूस नाही. येणारच नव्हतं, आत्या. तिला रडता यायचं, पण पाणी नव्हतं."

ती म्हणाली, "आम्हाला काय माहीत, बाई. तिनं तरी कुठे सांगितलं?"

"तिला तरी कुठे माहीत होतं? पण आता तुला माहीत झालंय. तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यातले जे आहेत त्यांना आता हेही सांग."

"इतक्या वर्षांनी? काय उपयोग त्याचा?"

"मला आहे उपयोग."

तेव्हा ती जरा चिडली. "माझ्यावर कशाला ओरडतेस? तू तिची मुलगी ना? तू तरी कुठे थांबलीस तिच्यापाशी? तेरावं झालं आणि बॅग घेऊन माझ्याबरोबर निघालीस."

मी फोन ठेवला नाही. "हो," म्हटलं. "निघाले. ते मी माझं बघीन. तू तुझं सांग." माझा आवाज चढलेला होता, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

दोन दिवसांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा आवाज आला, थांबत थांबत बोललेला. वहिनीच्या डोळ्यांना आजार होता. दादा गेला तेव्हा मी तिच्याबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं. एवढंच. खाली कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं, कुणी लग्नाची पत्रिका टाकली आणि ते वर सरकून गेलं. पण जे तुला कठोर म्हणत होते, त्या प्रत्येकाच्या फोनवर ते पोचलं. मी एकेक नाव तपासलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, कशाला हा तमाशा. असू दे. तू सोसलंस, त्याबद्दल मला तुझा अभिमान वाटावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला राग येतो. त्या डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरचा येतो, आत्याचा येतो, आणि पाचव्यांदा न गेलेल्या तुझाही येतो. सगळ्यात जास्त माझा येतो, कारण मी तुझ्याबरोबर गेले असते तर तुला लाज वाटली नसती. हे लिहून झालं की मी वही मिटून ठेवणार आहे, पाठवायला काही कुठे पत्ता नाही. फक्त एवढं सगळं शौर्य सांगितल्यावर एक कबूल करायला हवं.

तुझी नात बंगळुरूला असते, दिवसभर लॅपटॉपसमोर. तू गेलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती. घराण्यात चालतं, तिला एकदा तपासून घ्या, असं डॉक्टर मला दोनदा म्हणाली आहे. साऱ्या जगाला सांगितलं, पण तिला अजून सांगितलेलं नाही. घरच्या ग्रुपवरही ती नाही. काल व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "आई, तुझे डोळे एवढे लाल का गं?"

मी म्हटलं, "कांदा चिरत होते." तिला ते खरं वाटलं.